पाहुण्या वर्गाचा चहा

आमच्या शाळेत जग आणायचं ठरलं, तेव्हा ते कुठल्या खोलीत बसवायचं हा पहिला प्रश्न निघाला.

खोल्या मुळातच कमी. त्यात वरच्या व्हरांड्यात मोडक्या बाकांची रास लागलेली, आणि त्या बाकांसाठी मोठ्या बाईंचा, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांचा, बरेच दिवस माझ्या खोलीवर डोळा होता. माझी खोली म्हणजे भूगोलाची खोली. जिना संपतो तिथे, ज्या खोलीचं दार खांद्याने ढकलावं लागतं ती. आत गुंडाळून टांगलेले नकाशे, प्लास्टरचा एक ज्वालामुखी आणि कपाटावरून पडल्यामुळे एका महासागराला पोचा आलेला पृथ्वीगोल. खिडकी पूर्वेला. त्यामुळे सकाळी खोलीभर ऊन आणि दुपारी एक मऊ अंधार, ज्यात मुलांना पर्वत नीट दिसत नाहीत पण वाऱ्यांच्या दिशा मात्र पटकन पटतात. असा माझा अनुभव आहे. तो कुठल्याही शिक्षणशास्त्रात नाही.

"साहेब तपासणीला येतायत," मोठ्या बाई म्हणाल्या. "यंदा त्यांना जागतिक शिक्षण बघायचंय. प्रत्यक्ष वर्गात."

"म्हणजे नेमकं काय दाखवायचं?"

"ते त्यांनी कळवलेलं नाही. पण भिंतीवर लिहून चालणार नाही, हे कळवलंय." मग त्यांनी व्हरांड्यातल्या बाकांकडे पाहिलं. "सर, स्पष्टच बोलते. तुमच्या खोलीत जग दिसलं तर खोली तुमची. नाही दिसलं तर बाकं आत."

मोठ्या बाई दुष्ट नाहीत. त्यांना फक्त कुठलीही वस्तू उघड्यावर पडलेली बघवत नाही. पण खोली गेली असती तर नकाशे काखोटीला मारून या वर्गातून त्या वर्गात हिंडणं माझ्या नशिबी आलं असतं. आमच्या चित्रकलेच्या सरांचं तसंच झालं. ते आता रंगांची पेटी घेऊन जिन्यात भेटतात, आणि कुठे निघालात विचारलं तर त्यांना क्षणभर आठवत नाही.

घरी मी हा विषय काढायला नको होता. पण माणसाला बायको असते आणि बायकोला शेजार असतो. आमच्या शेजारी एक निवृत्त स्टेशनमास्तर राहतात. त्यांना सगळे स्टेशनकाका म्हणतात. ते चहाच्या वेळी येतात आणि सिग्नल मिळेपर्यंत हलत नाहीत.

"परदेशातला एखादा वर्ग गाठा," काका म्हणाले. "तो कॅमेऱ्यावर आणा. इकडची पोरं तिकडच्या पोरांशी बोलतील. झालं जागतिक."

"भाषेचं काय?" मी विचारलं.

"हात हलवायला भाषा कशाला लागते? आयुष्यभर मी हिरव्या आणि लाल झेंड्यावर गाड्या चालवल्या. एक ड्रायव्हर म्हणाला नाही, की मास्तर, व्याकरण चुकलं."

"अहो, पण तिकडचं घड्याळ वेगळं असेल ना," बायको म्हणाली. "यांना घरातलं एक लावता येत नाही."

आमच्या घरातलं घड्याळ थोडं पुढे आहे. ते मी मुद्दाम पुढे ठेवलं आहे आणि तसं मी तिला अनेकदा सांगितलं आहे. ज्याने उभं आयुष्य रेखावृत्तं शिकवली, त्याने वेळेवरून वाद घालणं बरं दिसत नाही.

शिक्षकांना शिक्षक गाठून देणारी एक वेबसाइट आहे. तिच्यावर पूर्वेकडच्या एका दूरच्या देशातल्या बाई मला सापडल्या. त्यांचं गाव बरंच उत्तरेला, जिथे उन्हाळ्यात संध्याकाळ सुरू होते आणि संपायचं विसरून जाते. त्यांच्याही शाळेत जग आणायचं ठरलं होतं. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच जपून चालणारं असल्यामुळे आमचं लगेच जमलं.

आता राहिली परवानगी. त्यासाठी मी ऑफिसात हेडक्लार्ककडे गेलो. हा गृहस्थ नियमांच्या पुस्तकाला हात न लावता बोलतो, कारण त्याला ते पाठ आहे.

"मुलं शाळेच्या हद्दीबाहेर जाणार?"

"नाही. इथेच बसणार. परदेशातला वर्ग पडद्यावर दिसणार."

"मग सहलीचा नियम लागू नाही." त्याने डोळे मिटून पुढचं पान उलटलं असावं. "बाहेरचे लोक शाळेत येणार. म्हणजे पाहुण्यांचा नियम."

"ते येणार नाहीत. दिसणार."

"सर, दिसले म्हणजे आले. न येता दिसणाऱ्यांसाठी आपल्याकडे नियम नाही." त्याचं चुकत नव्हतं. "पाहुण्यांना खुर्ची आणि एक चहा. पाहुणे जाईपर्यंत चहा उचलायचा नाही. गेल्या वर्षी एका पाहुण्यांचा अर्धा कप उचलला गेला आणि केवढा गहजब झाला, आठवतंय ना?"

मला आठवत होतं. मी खुर्ची आणि चहा मान्य केला. मोठ्या लढाईत किल्ला राखायचा तर एखादी चौकी सोडावी लागते.

कॉम्प्युटरवाला आला. त्याने कपाटावर कॅमेरा ठेवला, ॲटलासांच्या चवडीवर प्रोजेक्टर बसवला आणि खाली उतरून हात झटकले.

"प्रोजेक्टर रोज बंद करायचा. नाहीतर दिवा जाईल. पण कॅमेरा आणि कॉम्प्युटर बंद करू नका."

"का?"

"बंद केलं तर परत लागेल, याची गॅरंटी नाही."

पलीकडच्या बाईंनी कळवलं, की त्यांच्याही कॉम्प्युटरवाल्याने त्यांना हेच सांगितलं आहे. जग एक आहे, याचा हा पहिला पुरावा मला मिळाला.

पहिला दिवस उजाडला. मुलं इस्त्रीचे कपडे घालून आली. पडद्यासमोर खुर्ची, खुर्चीशेजारी टेबल, टेबलावर चहा. शिपाईमामांनी बशीसकट कप ठेवला आणि ते दारात उभे राहिले. मोठ्या बाई, गणिताचे सर, पालकांचे एक प्रतिनिधी असे सगळे मागे ओळीने बसले. पहिला प्रश्न विचारायला मी एका मुलीला तयार केलं होतं. तिला आम्ही प्रश्नावली म्हणतो, कारण तिला उत्तर मिळालं की त्यातून तिचा पुढचा प्रश्न सुरू होतो. "तुमच्या देशातलं मुख्य पीक कोणतं?" हे तिने घोकून ठेवलं होतं. शेवटच्या बाकावरचा झोपाळूसुद्धा जागा होता. झोपाळू हा वाईट मुलगा नाही. भूगोलाच्या तासाला तो झोपतो आणि उठला की ताजातवाना असतो. हे कितीशा शिक्षकांच्या विद्यार्थ्यांना लाभतं?

मी प्रोजेक्टर सुरू केला. भिंतीवर एक खोली उमटली.

खोली रिकामी होती.

स्वच्छ, लाकडी, उजेडाची. बाकं, फळा, खुंट्या, खिडकीत एक कुंडी. तिरकं सोनेरी ऊन जमिनीवर आडवं पडलेलं. माणूस एकही नाही. आम्ही वाट पाहिली. चहावर साय धरली.

"सर," गणिताचे सर मागून म्हणाले, "हे ऊन संध्याकाळचं वाटतंय."

मी आयुष्यभर वर्गाकडे तोंड आणि नकाशाकडे पाठ करून शिकवत आलो आहे. त्यामुळे माझी पूर्व माझ्या डाव्या हाताला असते. हिशेब मात्र मी घरी, नकाशाकडे तोंड करून केला होता. डावा हात पूर्व समजून उचलला, आणि तो गेला पश्चिमेला. जिथे वेळ मिळवायची तिथे मी वजा केली. पलीकडच्या बाईंना मी "तुमची शाळा भरली की" एवढंच कळवलं होतं. त्याप्रमाणे त्यांची मुलं सकाळी जमली, थांबली आणि आम्ही उठायच्या आधीच आपल्या पुढच्या तासाला निघून गेली. ही चूक करायला भूगोलाचाच शिक्षक लागतो. दुसरा कोणी असता तर त्याने सरळ कॉम्प्युटरला विचारलं असतं.

"भूगोलाच्या सरांचं घड्याळ चुकलं," हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत माझ्या आधी पोचलं होतं. गणिताच्या सरांनी मला अतिशय आपुलकीने एक हिशेब शिकवायची तयारी दाखवली. घरी स्टुलावर चढून बायकोने भिंतीवरचं घड्याळ नीट लावलं आणि ती उतरली.

स्टेशनकाका मात्र खुश होते. "लेट झाली म्हणजे गाडी आहे," ते म्हणाले. "जी नसतेच ती कधी लेट होत नाही."

मी पलीकडच्या बाईंची क्षमा मागितली आणि कळवलं, की आता तुम्ही तसदी घेऊ नका, उद्या आम्हीच पहाटे जमू. नेमकं त्याच वेळी त्यांनी मला कळवलं, की चूक आमचीही असेल, तुम्ही तसदी घेऊ नका, उद्या आमचा वर्ग सकाळी येणारच नाही, संध्याकाळी थांबेल. दोघांचे निरोप वाटेत एकमेकांना ओलांडून गेले. त्यांचा मी वाचला तेव्हा मुलं घरातून निघाली होती.

ती पहाट मला आठवते. मुलं स्वेटरमध्ये, डोळे अर्धे मिटलेले. आईबापांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल फारसं चांगलं मत नव्हतं. जिन्यात दिवा लावावा लागला. दार ढकलायलाही कोणाच्या अंगात जोर नव्हता. शेवटी सगळ्यांनी मिळून ढकललं आणि आम्ही एकदम आत आलो. भिंतीवर तीच खोली, आता दुपारच्या आधीच्या पांढऱ्या उजेडात. रिकामी. खुंट्यांपैकी एकीवर पिवळा रेनकोट. बाकी सगळ्या मोकळ्या.

"तो पिवळा काल पण होता," कोणीतरी म्हणालं.

झोपाळू बोलला होता. तो भिंतीकडे बघत होता आणि संपूर्ण जागा होता.

त्याच संध्याकाळी पलीकडची मुलं आमच्या रिकाम्या खोलीकडे बघत बसली. आमच्या मुलांना पहाटेच्या बदल्यात सुट्टी दिलेली होती. शिष्टाचारामुळे दोन देशांत युद्धं टळतात, असं म्हणतात. भेटीही टळतात, ही त्यात भर.

तिसऱ्या वेळेचा विचार मी केला. पण पालकांनी तक्रार केली होती, आणि वेळेबाहेर शाळा उघडायची नाही असं हेडक्लार्कने सांगून टाकलं. पलीकडच्या बाईंनी कळवलं, की त्यांच्याकडेही वेळेनंतर मुलं थांबवायला मनाई झाली आहे. म्हणजे तिथेही एक हेडक्लार्क होता. मला तो चांगला डोळ्यांपुढे आला.

त्यांची शाळा सुटून तास दोन तास झाले की आमचा भूगोलाचा तास लागायचा, आणि ते शाळेत यायचे तेव्हा आमच्याकडे नुकतं फटफटलेलं असायचं. वर्षाचं ठरलेलं वेळापत्रक हलणार नव्हतं, तेव्हा यावर उपाय नव्हता. पृथ्वी गोल आहे आणि ती स्वतःभोवती फिरते, हे मुलांना मीच शिकवलं होतं.

साहेबांची तारीख जवळ येत चालली. मोठ्या बाई जिन्यात भेटल्या की बाकांची चौकशी करायच्या, जशी एखाद्या आजारी माणसाची करतात. मी प्रोजेक्टर मात्र रोज लावत होतो. मुलांनी कंटाळा केला असता तर मी कदाचित बंद केला असता. पण जेवणाच्या सुट्टीनंतर ती आपणहून येऊन खिडकीचा पडदा ओढायची आणि गप्प बसून राहायची. इकडे दुपार, तिकडे संध्याकाळ. मधे ती रिकामी खोली.

कोणी काही शिकवत नव्हतं. नुसतं बघायचं. उन्हाचा पट्टा कपाटापाशी असायचा, तो हळूहळू बाकांवरून सरकत दाराकडे जायचा. दाराला लागला की एक बाई बादली आणि काठीला लावलेलं फडकं घेऊन आत यायची. मुलं तिला पलीकडच्या मावशी म्हणायची. ती आली की आमच्या वर्गात कोणी खोकतसुद्धा नसे. आवाज तिकडे जात नाही, तिकडचा प्रोजेक्टरही बंद असतो, तिला आपण दिसत नाही, हे मी सांगून पाहिलं.

"तरी दचकेल ना, सर," प्रश्नावली म्हणाली.

कुंडीतलं रोप खिडकीकडे झुकायचं. सोमवारी कोणीतरी कुंडी फिरवलेली असायची, मग आठवडाभर ते पुन्हा मान वळवायचं. झोपाळू यावर लक्ष ठेवून होता. त्याच्या मते रोपाला दिशा माझ्यापेक्षा बऱ्या कळत होत्या. हे त्याने चांगल्या मनाने म्हटलं.

आणि रोज आमच्या पडद्यासमोर पाहुण्यांचा चहा यायचा. पाहुणे कधी जातच नव्हते, कारण कॅमेरा कधी बंद होत नव्हता. म्हणून कप रात्रभर तिथेच राहायचा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शिपाईमामा तो उचलून त्याच जागी ताजा ठेवायचे.

"सर, मी पिऊन टाकू का?" एकदा त्यांनी विचारलं. "वाया जातो हो."

मी ऑफिसच्या दिशेने पाहिलं. त्यांनीही पाहिलं. ते परत गेले.

मला एक गोष्ट सुचलीच नव्हती, याचं आज नवल वाटतं. आमचाही कॅमेरा कधी बंद होत नव्हता.

साहेब आले ते नेमके जेवणानंतर. सकाळपासून त्यांनी आसपासच्या शाळांमधलं जागतिक शिक्षण पाहिलं होतं. एका शाळेत मुलांनी वेगवेगळ्या देशांचे पोशाख घालून त्यांच्याशी हस्तांदोलन केलं होतं. दुसऱ्या शाळेत कागदी झेंडे. तिसऱ्या शाळेत पुन्हा तेच पोशाख, कारण ते पहिल्या शाळेकडून आणलेले होते. साहेब थकलेले दिसत होते. दार त्यांच्या खांद्यानेच उघडलं. खोलीत एकच खुर्ची मोकळी होती, पाहुण्यांची. ते तिच्यात बसले. हेडक्लार्क दारातून काही सांगणार होता, पण मोठ्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"पलीकडची मुलं कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"घरी गेली, साहेब," मी म्हणालो.

"मग आपली मुलं कोणाशी बोलतात?"

बोलत नाहीत, हे उत्तर माझ्या जिभेवर होतं. पण मोठ्या बाईंची नजर व्हरांड्याकडे गेलेली मला दिसली. मी घसा साफ केला. त्या अवधीत प्रश्नावली उभी राहिली.

"साहेब, आज तिकडे पाऊस आहे."

"कशावरून?"

"पिवळा रेनकोट नाहीये. ज्या मुलाचा आहे तो रोज विसरतो. आज नेलाय."

साहेबांनी खुंट्यांकडे पाहिलं.

"आणि ऊन आलंच नाहीये अजून," दुसरा कोणी म्हणाला. "एरवी एवढ्यात कपाटापाशी असतं."

"मागे सुरुवातीला आम्ही बघायचो तेव्हा ते फळ्याजवळून निघायचं," तिसरी म्हणाली. "आता पुढून निघतं. म्हणजे तिकडची संध्याकाळ लांबतेय."

"लांबतेय म्हणजे ते किती उत्तरेला आहेत ते काढता येतं," झोपाळू म्हणाला. तो बसूनच बोलला, पण झोपेतून नाही.

साहेब खुर्चीत थोडे मागे रेलले. खोलीत तो दुपारचा मऊ अंधार होता. भिंतीवर करड्या उजेडातली खोली, काचेवरून ओघळणारं पाणी. त्याचा आवाज येत नव्हता, तरी तो ऐकू येतोय असं वाटत होतं. साहेबांचा हात टेबलाकडे गेला. त्यांनी कप उचलला आणि पडद्यावरची नजर न काढता, एकेक घोट घेत, पाहुण्यांचा चहा संपवला.

दारात हेडक्लार्कने भिंतीचा आधार घेतला.

बऱ्याच वेळाने साहेब उठले. "वर्ग छान शांत आहे," ते म्हणाले. मग जरा भानावर आले. "पण परदेशी वर्ग अनुपस्थित आहे. देवाणघेवाण दिसली नाही. मला तसं लिहावं लागेल." जिन्याच्या तोंडाशी ते थांबले. "उद्या मी याच बाजूला आहे. वाटलं तर पुन्हा डोकावतो."

ते गेल्यावर मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, "सर, नकाशे कशात बांधायचे ते बघून ठेवा." हेडक्लार्कची काळजी वेगळी होती. परदेशी पाहुण्यांचा चहा खात्याच्या माणसाने प्यायला, तर तो कोणाला दिला असं धरायचं? तो सुन्न होऊन ऑफिसात जाऊन बसला. शिपाईमामा कप उचलायला आले, पण पाहुणे गेलेले नव्हते. रिकामा कप तसाच राहिला.

घरी मी नकाशांसाठी जुनी चादर मागितली. कपाटातून बायकोने चांगल्यातली चादर काढली, म्हणजे परिस्थिती तिला कळलेली होती. स्टेशनकाका चहाला बसले होते.

"काका, गाडी रद्द झाली," मी म्हणालो.

"सिग्नल पडेपर्यंत रद्द म्हणायचं नसतं," ते म्हणाले आणि कप बशीत पालथा घालून उठले. एरवी ते इतक्या लवकर उठत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चादर काखेत घेऊनच जिना चढलो. मुलं आधीच बसली होती. शिपाईमामांनी ताजा चहा ठेवला. साहेब दारात उभे होते. कोणी बोलवायच्या आत ते येऊन आपल्या खुर्चीत बसले. मी प्रोजेक्टर लावला.

खोली रिकामीच होती. पाऊस थांबलेला, ऊन कपाटापाशी. पिवळा रेनकोट खुंटीवर. पण एक खुर्ची आज बाकांपुढे काढून ठेवली होती, तोंड आमच्याकडे करून. खुर्चीशेजारी टेबल. टेबलावर बशी, बशीत कप. आणि कपातून वाफ निघत होती. बारीक, सरळ वर जाणारी, वर गेल्यावर उन्हात सोनेरी होणारी. कोणीतरी शाळा सुटल्यावर मुद्दाम थांबलं होतं आणि आत्ताच निघून गेलं होतं.

मागे फळ्यावर खडूने चित्र काढलेलं होतं. ती माझी खोली होती. खिडकीतून येणारं सकाळचं पहिलं ऊन, पोचा आलेला पृथ्वीगोल, ज्वालामुखी, खिळ्याला अडकवून मी विसरलेली माझी छत्रीसुद्धा. मला जरा संकोच वाटला. छत्रीची एक काडी मोडलेली आहे आणि ती त्यांनी बरोबर मोडकीच काढली होती. चित्राच्या मधोमध खुर्ची, टेबल आणि कप. कपाच्या आत काही नव्हतं. त्याच्याभोवती हात वर केलेली खूप मुलं.

वर्गात कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. पलीकडची मुलं रोज सकाळी येत होती आणि आमची रिकामी खोली बघत होती. रोज पडद्यासमोर भरलेला चहा. आज सकाळी पहिल्यांदा कप रिकामा दिसला.

"हा चहा कोणासाठी ठेवलाय?" साहेबांनी हळू आवाजात विचारलं.

"तुमच्यासाठी," प्रश्नावली म्हणाली. "काल तुम्ही त्यांचा प्यायलात ना."

साहेबांनी आपल्या टेबलावरच्या कपाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या. त्यांनी खिशाला लावलेलं पेन काढलं आणि काही न लिहिता परत लावलं. उन्हाचा पट्टा बाकांवरून सरकत होता. वाफ पातळ होत गेली. कोणाचंही लक्ष घंटेकडे नव्हतं. घंटा झाली असावी, कारण दारात दुसऱ्या वर्गाची मुलं येऊन उभी राहिली होती, पण तीही आत न येता बघत राहिली.

पट्टा दाराला लागला. पलीकडच्या मावशी आत आल्या.

त्यांनी बादली ठेवली. खुर्ची पाहिली, कप पाहिला. दाराबाहेर डोकावून कोणी आहे का ते पाहिलं. मग ओले हात पुसले, खुर्चीत बसल्या, आमच्याकडे तोंड करून, आणि दोन्ही हातांनी कप उचलला.

"सर, तो साहेबांचा आहे," मागून कोणीतरी कुजबुजलं.

"पिऊ दे," साहेब म्हणाले. त्यांनी आपला कप उचलला. मावशी एक घोट घ्यायच्या, मग साहेब घ्यायचे. तिकडे खिडकीबाहेर संध्याकाळ संपत नव्हती आणि आमच्याकडची दुपारही कुठे निघाली नव्हती. मावशींनी डोळे मिटून पाठ टेकली. आमचा अख्खा वर्ग श्वास धरून बसला, त्यांचा चहा निवांत व्हावा म्हणून. झोपाळू मोजून एकदा मागे वळला आणि गणिताच्या सरांना ओठांवर बोट ठेवून दाखवलं. ते केव्हा आले होते कोण जाणे.

मोठ्या बाई दबक्या पावलांनी साहेबांजवळ आल्या. "साहेब, ती व्हरांड्यातली बाकं... मी या खोलीत हलवणार होते. तुमचं मत काय?"

साहेबांनी पडद्यावरून नजर काढली नाही.

"इथे नको," ते म्हणाले. "सकाळी दिसतील त्यांना."

मग त्यांनी रिकामा कप बशीत ठेवला, बशी टेबलाच्या मधोमध सरकवली, आणि ती कॅमेऱ्यात नीट येते का ते वाकून पाहिलं.